ओल्शिंका खुर्दची बखर

"तुमचं ते तीन पायांचं जनावर आधी माझ्या कांद्यांतून काढा. मग काय मोजायचं ते मोजा."

मी थिओडोलाइटच्या मोजणीच्या दुर्बिणीवरून मान वर केली. खिडकीत साठीची एक बाई उभी होती. डोक्याला रुमाल, दोन्ही हात पिठाने माखलेले.

"माफ करा बाई," मी माझ्या सहा महिन्यांच्या चेक भाषेत म्हणालो. "घर रिकामं आहे असं वाटलं मला."

"तुमच्या देशात रिकाम्या घराच्या धुराड्यातून धूर निघतो का?"

धूर खरंच निघत होता. सकाळपासून मी भिंती, कोपरे, कुंपणं मोजत होतो, पण धुराकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी तिकाटणं उचलून वाफ्याबाहेर ठेवलं. एका पायाने दोन कांदे चिरडले होते. बाईंनी बाहेर येऊन ते उचलले, झटकले आणि म्हणाल्या, "हे आता सूपमध्येच घालावे लागतील. तुमच्यामुळे गेलेत, तेव्हा तुम्हीच खायला या."

ही गोष्ट १९७९ च्या सप्टेंबरातली. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि वणीजवळच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होतो. उघड्या खाणीचं काम शिकायला आम्हा दोघांना दहा महिन्यांसाठी चेकोस्लोव्हाकियाला पाठवलं होतं. माझा जोडीदार पहिल्याच महिन्यात पोटाच्या दुखण्याने परत गेला. मी एकटा उरलो. तालुक्याच्या गावी कामगारांच्या वसतिगृहात मला एक खोली दिली होती. तिथली माणसं वाईट नव्हती, पण हत्ती आणि साप यांच्यापलीकडे माझ्याशी बोलायला त्यांच्याकडे काही नसे. रविवारी तर दुकानदारसुद्धा दार लावून घेत. मी खिडकीत बसून घरी पत्रं लिहायचो आणि त्यात मजेत आहे असं कळवायचो.

गावाचं नाव डोल्नी ओल्शिंका. 'डोल्नी' म्हणजे खालची. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द असतात तसलाच प्रकार. वरची ओल्शिंका दोन वर्षांपूर्वीच खाणीत गेली होती, आता खालचीची पाळी होती. त्रेचाळीस घरं, एक चर्च, एक शाळा, एक तळं आणि मधून वाहणारा ओढा. उत्तरेला डोंगरांची निळी भिंत. आणि गावाच्या बुडाखाली तीस मीटर चिकणमाती, तिच्याखाली पंचवीस मीटर जाडीचा तपकिरी कोळसा. दक्षिणेकडून खोदणारं अजस्र यंत्र शेतं खात खात पुढे येत होतं. त्याच्या चाकाचा करकर आवाज गावात अष्टौप्रहर ऐकू यायचा. वसंतात अकरा घरांत माणसं होती. सप्टेंबरात एकाच घरात उरली होती, घर नंबर एकवीसमध्ये. त्या या ब्लाजेनाबाई.

पाडण्याआधी प्रत्येक घराचा, विहिरीचा, झाडाचा नकाशा सरकारी दप्तरासाठी करायचा, हे माझं काम. माझे वरिष्ठ होराकसाहेब आठवड्यातून एकदा जीपने यायचे, कागद तपासायचे आणि निघून जायचे.

त्या दिवशी मी कांद्याचं सूप प्यायलो. दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतःच हाक मारली. तिसऱ्या दिवसापासून हाकेचीही गरज राहिली नाही. दुपारी बारा वाजता मी तिकाटणं त्यांच्या भिंतीला टेकवायचो, बूट काढायचो आणि स्वयंपाकघरात जाऊन बसायचो. माझं आसुटकर हे आडनाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्या मला 'मुरली' म्हणू लागल्या. महिन्याभरात 'तुम्ही'चं 'तू' झालं.

"तुमचा जन्म याच घरातला का?" एकदा मी विचारलं.

त्या हसल्या. "इथे कुणाचाच जन्म इथला नव्हता. आम्ही पूर्वेकडून आलो, रशियाच्या बाजूने. माझ्या आजोबांचे आजोबा जमिनीच्या ओढीने तिकडे गेले होते. लढाई संपली तेव्हा सरकार म्हणालं, परत या, इथे घरं रिकामी आहेत. सत्तेचाळीस साली मी आणि माझा नवरा व्हात्स्लाव एका मालगाडीतून उतरलो. हातात चिठ्ठी दिली, घर नंबर एकवीस."

"रिकामी म्हणजे? आधी कोण राहत होतं?"

"जर्मन. सहाशे वर्षं. लढाईनंतर त्या सगळ्यांना घालवून दिलं. ज्यांनी छळलं त्यांना आणि ज्यांनी काहीच केलं नाही त्यांनाही." त्यांनी चुलीत लाकूड सारलं. "मी आले तेव्हा खुंटीवर एक एप्रन टांगलेला होता. माझ्या मापाचा."

व्हात्स्लाव एकसष्ट साली वारला. मूलबाळ नव्हतं. शेजारची घरं एकेक करून उठली, तालुक्याच्या गावी बांधलेल्या उंच इमारतींत राहायला गेली. यांनाही सहाव्या मजल्यावरची एक खोली मिळाली होती. किल्ली ड्रॉवरमध्ये पडून होती. ऑक्टोबर अखेरपर्यंत घर सोडायचं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला धुक्याने सगळं झाकलं. दुर्बिणीतून दहा पावलांवरचं दिसेना. मी हात चोळत स्वयंपाकघरात बसलो होतो. बाईंनी हात पुसले. मग चुलीमागच्या फळीवरून त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि टेबलावर ठेवलं. टेबल दणकन वाजलं.

जाड कातडी बांधणीचं पुस्तक होतं. आत शाईने लिहिलेल्या बारीक, टोकदार अक्षरांच्या ओळी. जर्मन भाषा आणि जुनी लिपी. मला त्यातलं अक्षरही लागेना.

"ही गावाची बखर," त्या म्हणाल्या. त्यांचा शब्द वेगळा होता, पण मला 'बखर'च सुचला. "इथे प्रत्येक गावाने अशी बखर ठेवायची, कायद्यानेच. ही शाळेच्या मास्तरांनी लिहिली, राईनेल्ट त्यांचं नाव. ते याच घरात राहायचे. मला ही माळ्यावर सापडली, मक्याच्या कणसांखाली. खरं तर त्याच वेळी सरकारात जमा करायला हवी होती."

"मग?"

"नाही केली."

"तुम्हाला वाचता येते?"

"तेव्हा येत नव्हती. शिकायला नऊ हिवाळे लागले. तालुक्याहून शब्दकोश आणला. व्हात्स्लाव म्हणायचा, लोक विणकाम करतात आणि तू त्या माणसाचं अक्षर सोडवत बसतेस."

मग त्या वाचू लागल्या. जर्मनमधून मनातल्या मनात वाचायचं आणि मला चेकमध्ये सांगायचं. पहिलं प्रकरण भूगोलाचं. गाव कोणत्या उंचीवर आहे, ओढा कुठून उगम पावतो, कोणत्या दिशेच्या वाऱ्याने पाऊस येतो, कुठल्या मातीत बटाटा होतो आणि कुठल्या मातीत नुसतीच चिखलाची ढेकळं. त्यात शेतांची नावंही होती. प्रत्येक तुकड्याला नाव. उपाशी बांध. कोल्ह्याचं शेपूट. विधवेचा तुकडा. माझ्या सरकारी नकाशात त्या सगळ्यांना फक्त आकडे होते.

"आमच्याकडेही अशीच असतात," मी म्हणालो. "आमच्या एका वावराला रडवं म्हणतात. कितीही पेरा, रडतच पिकतं."

"मास्तर असते तर त्यांनी ते लिहून घेतलं असतं," बाई म्हणाल्या.

धुक्याचे ते बारा-तेरा दिवस माझ्या उभ्या वर्षातले सगळ्यांत चांगले गेले. भूगोल संपला आणि इतिहास सुरू झाला. स्वीडनच्या सैन्याने गाव जाळलं तेव्हा एक घर आणि एक बैलजोडी उरली होती. पटकीच्या साथीत सुताराने सव्वीस शवपेट्या केल्या आणि सत्ताविसावी त्याच्यासाठी दुसऱ्या गावाहून आणावी लागली. प्रशियाचे शिपाई गावातली एकूण एक बदकं घेऊन गेले, फक्त पाद्र्याचं एक लंगडं बदक सोडून. बाई हे सगळं असं सांगत जणू त्या बदकाला त्यांनी स्वतःच्या हाताने दाणे घातले होते. मध्येच हात धरून मला खिडकीशी नेत आणि धुक्यात बोट दाखवत. "तिथे सुताराचं घर. आता दिसत नाही, पण तिथेच."

मास्तरांच्या लिखाणाचं शेवटचं पान सेहेचाळीस सालच्या जूनमधलं होतं. ते त्यांनी सावकाश वाचलं.

"आज हुकूम आला. माणशी पन्नास किलो सामान. हे पुस्तक चार किलोंचं आहे, आणि ते गावाचं आहे, माझं नाही. म्हणून इथेच ठेवून जातो. या घरात जो कोणी येईल त्याने पुढे लिहावं."

बाईंनी पान उलटलं. पुढच्या पानापासून अक्षर बदललं होतं. गोल, मोठं, शाळकरी अक्षर. भाषा चेक.

"हे कुणी लिहिलं?"

"या घरात जो कोणी आला त्याने."

तीस वर्षांची ती शंभरेक पानं होती. मी चाळत गेलो. एके ठिकाणी गारपीट, एके ठिकाणी पहिला ट्रॅक्टर, एके ठिकाणी एकच ओळ, 'आज व्हात्स्लाव गेला. बर्फ फार.' शेवटी शेवटी तर नुसती नावं होती. आज अमके गेले, घर नंबर नऊ बंद. आज तमके गेले, घर नंबर तीस बंद.

मी वाचत होतो तेव्हा बाई पाठमोऱ्या होऊन खसखशीचा केक कापत होत्या. तशाच म्हणाल्या, "मास्तरांना एक मुलगी होती, एर्ना. अडुसष्ट साली जरा मोकळीक होती, सीमा उघडल्या होत्या, तेव्हा ती आली होती. ऑगस्टात. फाटकाशी उभी राहिली. मी आत होते."

"भेटलात?"

"नाही. मला वाटलं, घर मागायला आली. दाराची कडी लावून मी जिन्यावर बसून राहिले. तासभर उभी राहिली आणि निघून गेली." त्यांनी केकची बशी माझ्यापुढे ठेवली. "तिचा पत्ता आहे माझ्याकडे. पश्चिम जर्मनीत असते. इथून तिकडे हे पुस्तक पाठवता येत नाही. पोस्टात उघडतील, मग का, कुठून, कसं. पण तू जानेवारीत घरी जाशील. विमानाने. तुझ्या देशातून पाठवलंस तर कोण विचारणार?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हातातला केकचा तुकडा मी बशीत परत ठेवला.

विमानतळावर सामान कसं तपासतात ते मी येताना पाहिलं होतं. जुनं पुस्तक, त्यातून गावाचं, त्यातून जर्मन, त्यातून इतकी वर्षं लपवलेलं. मी परदेशी माणूस, सरकारी कामावर आलेला. पकडलं तर इथे काय होईल ते माहीत नव्हतं, पण वणीला काय होईल ते माहीत होतं. नोकरी जाणार. मार्चमध्ये धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. घरात कमावता मी एकटा.

"बाई, मला नाही जमणार," मी म्हणालो. "दुसरं काहीही सांगा."

"बरं," त्या म्हणाल्या. चहा ओतला. आणखी एक केकचा तुकडा वाढला. रागाचा एक शब्द नाही, आग्रह नाही. त्या 'बरं'ची मला इतकी शरम वाटली की दुसऱ्या दिवशी धुकं निवळल्यावर मी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, तळ्यापलीकडे काम काढलं. दुपारी तिथेच पाव खाल्ला. तिसऱ्या दिवशीही तेच. एकदा धुराड्याचा धूर बाराच्या सुमाराला दाट झालेला दिसला. जेवण मांडलं असावं. मी गेलो नाही.

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी मी तळ्याच्या बांधावरून चर्चच्या मनोऱ्यावर दुर्बीण लावत होतो. आमच्या त्या जुन्या थिओडोलाइटमधून सगळं उलटं दिसायचं, आकाश खाली आणि जमीन वर. त्या उलट्या चित्रात एक ट्रक शिरला. घर नंबर एकवीससमोर थांबला. दोन माणसांनी पलंग आणला, शिवणाचं मशीन आणलं, पिसांच्या गाद्या आणल्या. मग त्या आल्या. रुमालाऐवजी डोक्यावर टोपी होती. दाराला कुलूप न लावताच फाटकापर्यंत चालत आल्या, वळल्या, तळ्याच्या दिशेने बघितलं. मी तिथे आहे हे त्यांना दिसत असणार. मोजणीचे लाल-पांढरे दांडे दुरूनही दिसतात.

मला धावत जाता आलं असतं. फार तर चारशे मीटर. दुर्बिणीला डोळा लावून मी तसाच उभा राहिलो. बाई ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि ट्रक माझ्या चित्राच्या कडेने वर चढत दिसेनासा झाला.

सोमवारी होराकसाहेब आले. "एकवीस नंबर रिकामा झाला. आतून मोजून घे. गुरुवारी पाडायचंय."

मी गेलो. आत पावलं वाजत होती. लादी पुसलेली होती, चुलीतली राख काढलेली होती. पाडायच्या घराची लादी कोण पुसतं? स्वयंपाकघरात भिंतीतच बसवलेलं टेबल तेवढं राहिलं होतं. त्याच्यावर ते पुस्तक होतं. कापडात गुंडाळलेलं नव्हतं, उघडं ठेवलेलं होतं. शेवटच्या पानावर ओल्या शाईवर टिपकागद दाबावा तशी एक चिठ्ठी होती.

मला वाटलं, माझ्यासाठी असेल. पण चिठ्ठी जुनी होती, घडीवर पिवळी पडलेली. एका बाजूला पश्चिम जर्मनीतला पत्ता. दुसऱ्या बाजूला मोडक्यातोडक्या चेकमध्ये चार ओळी. तारीख ४ ऑगस्ट १९६८.

'बाई, भिऊ नका. घर मला नको. वडिलांचं पुस्तक असेल तर थोडे दिवस द्या. आईचे डोळे गेले आहेत, तिला एकदा वाचून दाखवायचं आहे. परत आणून देईन. एर्ना.'

मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात खाली बसलो. घर जाईल या भीतीने नाही, तर पुस्तक जाईल या भीतीने बाई जिन्यावर बसून राहिल्या होत्या. आणि चिठ्ठी दाराखालून आत आल्यावरही अकरा वर्षं बसूनच राहिल्या. मला त्यांनी बाकी सगळं सांगितलं, एवढंच सांगितलं नव्हतं. तेही आता सांगून गेल्या होत्या.

पुस्तकाच्या उघड्या पानावर शेवटची ओळ होती. 'आज मी गेले. घर नंबर एकवीस बंद.'

बाहेर होराकसाहेबांनी हॉर्न वाजवला. माझ्या हातातल्या छापील फॉर्मवर एक रकाना होता, 'घरात राहिलेल्या वस्तू'. मी तिथे लिहिलं, 'काही नाही'. पुस्तक कोटाच्या आत, पोटाशी धरलं, वरून पट्टा आवळला आणि बाहेर आलो.

"झालं?" होराकसाहेबांनी विचारलं.

"झालं."

"अंगात भरलायस रे," ते म्हणाले. "आमचं खाणं मानवलं तुला."

पुढचे अडीच महिने बाई आणि मी एकाच तालुक्याच्या गावी होतो, पण शरमेने मी त्यांच्याकडे गेलो नाही; सरकारी यादीतून त्यांचा पत्ता उतरवून घेतला आणि निघताना माझा घरचा पत्ता तेवढा पोस्टाने कळवला. जानेवारीत प्रागच्या विमानतळावर माझी बॅग उघडली गेली. अधिकारी तरुण होता. बहिणीसाठी घेतलेले काचेचे सहा पेले त्याने एकेक करून उजेडात धरले, पावती मागितली, पेल्यांचं नक्षीकाम किती सुरेख आहे ते शेजाऱ्याला दाखवलं. त्याखाली माझ्या मोजणीच्या वह्यांमध्ये ते पुस्तक होतं. त्याने वह्यांवरून नुसता तळवा फिरवला आणि बॅग बंद केली.

बहिणीच्या लग्नाच्या गडबडीतून मोकळा झाल्यावर, एप्रिलमध्ये, मी नागपूरला जाऊन पार्सल केलं. सोबत इंग्रजीत पत्र लिहिलं. पुस्तक कुठे सापडलं, कुणी जपलं, कुणी पुढे लिहिलं. चिठ्ठीबद्दल मी काही लिहिलं नाही. खाली ब्लाजेनाबाईंचा नवा पत्ता दिला. वाटलं, मुलीने त्यांना दोन ओळी लिहिल्या तर किती बरं होईल.

जूनच्या शेवटी जर्मनीहून एक पाकीट आलं. चांगलंच जड होतं. उघडलं तर आतून गोल, मोठ्या, शाळकरी अक्षरातली पानं बाहेर आली. शंभरेक. धारदार पात्याने शिवणीशी कापलेली, एकही फाटू न देता. वर इंग्रजीत एक पत्र.

'महाशय, तुम्ही घेतलेल्या धोक्याबद्दल आभारी आहे. वडिलांची पानं मी ठेवून घेतली. ही पानं त्यांची नाहीत, म्हणून परत पाठवते. अडुसष्ट साली मी त्या घराच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली होती. आत कुणीतरी होतं, मला श्वास ऐकू येत होता. माझी आई त्यानंतर सहा वर्षं जगली. प्रत्येक पत्राच्या वेळी विचारायची, आलं का. शेवटी तिला गावातल्या शेतांची नावं आठवेनाशी झाली आणि मलाही ती सगळी सांगता येत नव्हती. त्या बाईंबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्यांच्याकडून काही ऐकायचंही नाही.'

मी ते पत्र कितीदा वाचलं ते माहीत नाही. तिचं एकही वाक्य मला खोडता येईना.

पंधरा दिवसांनी ब्लाजेनाबाईंचं पत्र आलं, नव्या घरातलं पहिलंच. सहाव्या मजल्यावर वारा फार लागतो म्हणून लिहिलं होतं. खिडकीतून चिमण्या दिसतात, पण त्यांच्या पाठी दिसतात, पोटं नाहीत. शेजारी कोण आहे ते अजून कळलं नाही. जिन्यात दिवा आपोआप विझतो, मग किल्ली लावता येत नाही. आणि शेवटी, 'घरात काहीच राहिलं नव्हतं असं होराकसाहेबांनी सांगितलं. मी काही विचारत नाही.'

विचारत नाही म्हणजे काय विचारतात ते मला कळत होतं.

चार दिवस मी कोरा कागद पुढे घेऊन बसलो. खरं लिहिणं बरोबर होतं. खोटं लिहून त्यांचा अपमान करायचा मला काय अधिकार, असंही वाटलं. पण मला सारखी ती पुसलेली लादी दिसत होती, आणि ट्रकशेजारी उभं राहून तळ्याकडे बघणारी बाई. मी तेव्हा चारशे मीटर चाललो नव्हतो.

पाचव्या दिवशी मी चेकमध्ये पत्र लिहिलं. लिहिलं की पुस्तक सुखरूप पोचलं. एर्नाने उत्तर पाठवलं. तिची आई अजून आहे, फार थकली आहे, पण रोज संध्याकाळी एक पान ऐकते. शेतांची नावं ऐकून हसते. लंगड्या बदकाची गोष्ट तिने तीनदा वाचायला लावली. आणि तुमची पानं एर्ना कुणाकडून तरी जर्मनमध्ये करून घेते आहे, कारण आईला पुढे गावाचं काय झालं ते ऐकायचं आहे. तिने तुमच्या अक्षराचं कौतुक केलं आहे. तुम्ही लिहू नका म्हणाली, उगाच तिकडे तुम्हाला त्रास नको.

शेवटचं वाक्य मला फार हुशारीचं वाटलं होतं.

पत्र पेटीत टाकलं आणि मला हलकं वाटलं. पुढे आठ-दहा दिवसांनी त्याची टोचणी लागली, पण टाकलेलं पत्र परत येत नाही.

त्यांचं उत्तर सप्टेंबरात आलं. आमच्याकडे तेव्हा खाणीत पाणी भरलं होतं आणि मी गुडघाभर चिखलातून घरी परतलो होतो. आईने पाकीट हातात दिलं. मी ते ओसरीवर उभ्या उभ्याच फोडलं. एकच पान होतं.

'प्रिय मुरली, तुझं पत्र मिळालं. एर्नाचं मला आधीच आलं होतं, तुझ्या पत्राच्या आठ दिवस आधी. तिची आई चौऱ्याहत्तर साली गेली. माझी पानं तिने तुझ्याकडे पाठवली आहेत असं तिने लिहिलं आहे, ती असू देत तुझ्यापाशी. तिने जे लिहिलं ते सगळं खरं आहे आणि मला ते मिळायला हवंच होतं. दोन्ही पत्रं ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी ठेवली आहेत. संध्याकाळी एक काढून वाचते. तुझंच काढते.'